ओट्याची उंची

आमचे जालन्याचे घर १९६४ साली उभे राहिले. तोवर आई चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करीत असे. त्याच्या आदल्या वर्षी वडील काही कामासाठी मुंबईला गेले, दादरला एका नातेवाइकांकडे उतरले, आणि तेथे त्यांनी उभ्याने स्वयंपाक करावयाचा ओटा पाहिला. राणीचा बाग पाहून आलेला माणूस जसा घरी येऊन वाघाचे वर्णन करतो तसे त्यांनी आम्हां मुलांना जमवून त्या ओट्याचे वर्णन केले. नव्या घरात ओटा होणार हे त्याच दिवशी ठरले. बांधकाम स्वयंपाकघरापर्यंत आले तेव्हा गवंड्याने विचारले, "मालक, उंची किती धरू?" वडील भिंतीला लागून ताठ उभे राहिले, पोटाशी हात आडवा धरला आणि म्हणाले, "इथपर्यंत."

वडील पाच फूट नऊ इंच होते. आई पाच फुटांना दोन इंच कमी.

शहाबादी फरशीचा तो ओटा मोठा देखणा झाला. आळीतल्या बायका पाहायला आल्या. आणि आई पुढची सदतीस वर्षे त्या ओट्यापुढे पाटावर उभी राहून स्वयंपाक करीत राहिली. आधी ती पाटावर बसत असे, आता पाटावर उभी राहू लागली. आमच्या स्वयंपाकघरात झालेली प्रगती ती एवढीच. दिवाळीत मात्र स्टोव्ह ओट्यावरून खाली जमिनीवर यायचा. चकल्यांचे तेल पाटावर उभे राहूनही अगदी तोंडाशी यायचे आणि एकदा तिच्या हनुवटीवर शिंतोडा उडाला होता. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या घाण्याच्या दिवसांत तो ओटा रिकामा, आणि त्यावर लाडवांचे डबे ओळीने मांडलेले.

वडील दुष्ट नव्हते हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. आईचे कंबरडे वाकू नये म्हणूनच त्यांनी ओट्याचा खर्च केला. त्या काळी जालन्यात किती जणांच्या मनात ते आले असते? त्यांनी प्रेमाने केले, पैसे घालून केले, उत्तम फरशी आणून केले. फक्त जिला उभे राहायचे होते तिला त्यांनी उभे करून पाहिले नाही. आता यात त्यांचा अपराध काय, असे कोणी विचारले तर मला नेमके सांगता यायचे नाही. पण काहीतरी चुकले होते खास. तीस-पस्तीस वर्षे मास्तरकी केल्यावर, आणि वडिलांनी केले तेच स्वतःच्या हाताने करून बसल्यावर, मी ते शोधू लागलो.

मी एका महाविद्यालयात शिकवीत असे. गाव आमच्याच जिल्ह्यातले, नाव सांगत नाही. १९८७ साली तेथे अभ्यासिका बांधायचे ठरले. बांधकाम समितीत आम्ही पाच पुरुष होतो आणि त्यांत सर्वांत उत्साही मी. साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद अशी खोली. पश्चिमेला मैदानाकडे उघडणाऱ्या सहा मोठ्या खिडक्या. समोर, सायकल स्टँडच्या बाजूला, एक भव्य दार. नकाशा ओव्हरसियरने काढला असला तरी कल्पना माझी. दुपारी दोन ते सहा ही वेळही मीच ठरवली. तास सुटल्यावर मुले शांतपणे बसून वाचतील असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. उद्घाटनाच्या दिवशी मी भाषण केले. फार चांगले झाले, असे लोक म्हणाले.

पुढे दोन वर्षांत त्या खोलीत बसून वाचणारी एकही मुलगी मी पाहिली नाही. मुलगे असत, तेही जूनपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्च उजाडला की पश्चिमेचे ऊन त्या माझ्या सहा खिडक्यांतून सरळ टेबलांवर येई. परीक्षा एप्रिलमध्ये. जालन्याकडचा एप्रिल ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको.

मी एका विद्यार्थिनीला विचारले. हुशार मुलगी, मंठ्याच्या बाजूच्या खेड्यातून एस.टी.ने यायची. खाली बघत म्हणाली, "सर, बसायला काही नाही तिथं. जायलाच नको वाटतं." दाराच्या समोर सायकल स्टँडचा कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर दिवसभर दहा-पंधरा टवाळ बसलेले असत. त्यांच्या नजरेखालून तीस पावले चालल्याशिवाय ज्ञानमंदिरात प्रवेश नव्हता. शिवाय तिची परतीची गाडी साडेतीनची. सकाळची गाडी मात्र तिला सातलाच कॉलेजवर आणून सोडी आणि तास सुरू होत नऊला. ते दोन तास या मुली कुठे काढीत होत्या? लिंबाखाली. पाऊस असला की स्टँडवर. अभ्यासिकेला तेव्हा कुलूप असे.

मी हे सारे खिन्नपणे आमच्या शिपायाला सांगितले. तो म्हणाला, "मला माहीत होतं की सर. उन्हाचंबी, कट्ट्याचंबी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नकाशा पसरला होता तो माझ्याच टेबलावर. मी चहाचे कप ठेवायला जागा पाहत होतो. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

तो हे रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते.

अलीकडे सरकारी कागदांत एक शब्द आला आहे: भागधारक. विद्यापीठात काही बांधायचे, काही बदलायचे, तर सर्व भागधारकांशी विचारविनिमय करावा. सूचना चांगलीच आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने तर महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला खुर्ची दिली आहे. आमच्या वेळी ही कल्पनासुद्धा कोणाला शिवली नसती. पण शब्द मला खटकतो. भागधारक म्हटले की शेअर बाजारातला माणूस डोळ्यांपुढे येतो, ज्याचे पैसे गुंतले आहेत असा. आमच्या शिपायाचे काय गुंतले होते? त्याला रोज ती खोली झाडायची होती. मराठीत याला वाटेकरी म्हणता आले असते. वाटेकऱ्याला सुखाचा वाटा असतो आणि भोगाचाही.

आज आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता आठवणीचा राहिलेला नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालेल्या आणि यूडीसीटी या जुन्या नावाने घरोघरी माहीत असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जालन्यात आपला मराठवाडा परिसर सुरू केला. आधीचा पत्ता औद्योगिक वसाहतीतला. कायमची जागा सिरसवाडीची. ही बातमी ऐकली तेव्हा माझा ऊर भरून आला. आमच्या पिढीतल्या अनेकांना साध्या पदवीसाठी गाव सोडावे लागे. माझ्या वडिलांच्या पिढीतल्याला तर उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबाद गाठावे लागे. आणि आता रसायनशास्त्राची एवढी थोर संस्था आमच्या दाराशी! पण मास्तराची खोड जात नाही. प्रयोगशाळेचा नकाशा कोणाच्या टेबलावर पसरला जाईल, आणि चहाचे कप घेऊन कोण उभा असेल, हा विचार मनात आलाच. प्राध्यापकांना विचारतीलच. विद्यार्थ्यांनाही विचारतील. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाऱ्याला? रात्री पहारा करणाऱ्याला? ज्या शिवारात हे उभे राहायचे त्या गावातल्या माणसाला?

संशोधनाच्या जागेबद्दल असे विचारणे हास्यास्पद वाटेल. परंतु जालन्याला याची थोडी सवय आहे. आमचे घर झाले त्याच १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको काढली, आणि संकरित बियाणे तर शेतकऱ्याच्याच शेतात तयार होते. तेथे प्रयोगशाळेची भिंत कुठे संपते आणि बांध कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ महिन्याच्या महिन्याला समोरासमोर बसत आले आहेत. अशा एका बैठकीत मी मागच्या रांगेत होतो. तुरीच्या वाणांची चर्चा चालली होती. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण आमच्याकडे घरच्या माणसांसारखे माहीत असतात. एकरी उतारा, मर रोग, पक्व होण्याचे दिवस, असे सगळे झाले. मग एक म्हातारे शेतकरी उठले आणि त्यांनी विचारले, "तुराटी कशी पडती?" काही जण हसले. शास्त्रज्ञ हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतले. संशोधक दाणे मोजतो; ज्या घरात तुराट्या जळणाला आणि कुडाला लागतात त्या घरातली बाई काडीही मोजते. दोन्ही मापे खरीच आहेत, पण दुसरे माप पहिल्याला आपोआप सुचत नाही.

म्हणजे विचारावे ते एवढ्यासाठीच का, की वापरणाऱ्याला जे ठाऊक असते ते करणाऱ्याला नसते? मला बरेच दिवस तसे वाटे. पण तेवढेच असते तर ज्याला सर्व काही ठाऊक आहे अशा कर्त्याला विचारण्याची गरजच उरली नसती. समजा, वडिलांनी नजरेने अंदाज घेऊन आईच्या उंचीचा बिनचूक ओटा केला असता. तिला पाट लागला नसता. तरीही, माझ्या मते, काही उरलेच असते. कारण चार भिंतींतली जी एकमेव जागा ती स्वतःची म्हणे, तिथेही ती दुसऱ्याने केलेल्या सोयीची पाहुणी राहिली असती.

या बाबतीत मला नागसेनवनाची आठवण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला पुढे नाव मिळाले ते मिलिंद. एखाद्या विद्येच्या घराला विद्या सांगणाऱ्याचे नाव द्यावे ही सर्वसाधारण रीत. येथे परिसराला उत्तर देणाऱ्या नागसेनाचे नाव आहे आणि कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे! 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात संवाद सुरू होण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतो. पंडित बोलतात तसे बोलणार असशील तर मी बोलेन, राजे बोलतात तसे बोलणार असशील तर नाही, असा तिचा आशय. पंडित हरला तर चिडत नाही. राजाला उलट उत्तर मिळाले तर तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने ती अट मानली. विचारणे याचा अर्थ मला या एका अटीत सापडला. ज्याचे उत्तर ऐकून आपला बेत मोडण्याची तयारी नाही तो प्रश्न नव्हे, ती दवंडी. इमारत पुरी झाल्यावर विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे छापील तक्ते भरून घेण्याची एक चाल आता पडली आहे. मीही असे गठ्ठे बांधले आहेत. त्यांना दवंडी तरी कसे म्हणावे!

मोठ्या माणसांत हे सहज जमते. पुण्याला १९८८ साली स्थापन झालेल्या आयुकाची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखली तेव्हा त्यांच्यापुढे संस्थापक संचालक म्हणून जयंत नारळीकर होते. कुंडासारखे ते अंगण, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे, फूकोचा लंबक. आकाशाचा अभ्यास करणाऱ्याने आणि घरे बांधणाऱ्याने एकमेकांचे ऐकल्याशिवाय असे काही होत नाही. (त्याच आवारात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून मुलांची विज्ञान शोधिका झाली. तिच्या इमारतीचे नाव पुलस्त्य; सप्तर्षींतला तारा तो, आणि पु.लं.ची खूणही. नातवंडांना दाखवावी अशी जागा.) पण कोरिया आणि नारळीकर समोरासमोर बसले ते दोन राजे होते, किंवा दोन पंडित म्हणा. मंठ्याकडची एक मुलगी आणि पाच पुरुषांची समिती समोरासमोर बसली की काय होते ते मी नंतर पाहिले.

१९९९ साली आमच्याकडे दुसरी, मोठी अभ्यासिका बांधायची ठरली. मी आता शहाणा झालो होतो. सर्वांना विचारायचे, असा मी हट्ट धरला. सभागृहात सभा घेतली. समोर दीडशे मुले-मुली. "तुम्हांला अभ्यासिका कशी हवी?" एका मुलाने टेबल टेनिस मागितले. टाळ्या पडल्या. मुलींच्या बाजूने एक अक्षर नाही. प्राचार्य माझ्याकडे पाहून हसले, म्हणजे झाले तुमचे विचारून? मग मी त्या शिपायाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या, आणि पेटी तुमच्याकडे नको, ग्रंथपाल बाईंकडे ठेवा. बिस्किटांचा एक रिकामा डबा आठ दिवस बाईंच्या टेबलावर राहिला.

मुलींच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. सकाळी सातला उघडा, पाण्याची सोय करा, कट्ट्यासमोर दार नको, हे सर्वांचे. पण एकोणतीस जणींनी आणखी एक गोष्ट लिहिली होती: मधे भिंत हवी. मुलींची बाजू वेगळी.

मला धक्का बसला. मी फुले-आगरकर वाचून वाढलेला मास्तर. एका बाकावर बसून शिकणारी मुले-मुली हे माझे स्वप्न, आणि नेमका मीच ती भिंत बांधणार? नाही म्हणावे, असे मी ठरवत होतो. मग एक चिठ्ठी पुन्हा वाचली. तीत एवढेच होते: "भिंत असेल तर घरी सांगता येईल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती भिंत तिच्यात आणि मुलांत नव्हती. ती तिच्यात आणि तिच्या बापाच्या नकारात होती. भिंत नाकारून माझे तत्त्व शाबूत राहणार होते आणि तिचे शिक्षण लिंबाखाली. माझ्या तत्त्वाची किंमत तिने का द्यावी? आणि तरीही, उरलेल्या चौदांपैकी एकीने लिहिले होते, "एकदा बांधलेली भिंत पाडायला कोण येणार सर?" या मुलीचे काय? तिच्याही मागून येणाऱ्या, ज्यांची चिठ्ठी कोणत्याच डब्यात पडू शकत नव्हती, त्यांचे काय? बहुमताने एकोणतीस मोठे. पण ती खोली पन्नास वर्षे उभी राहणार, आणि पन्नास वर्षांतल्या मुलींत आजच्या त्रेचाळीस किती!

अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी एक लाकडी इमारत घाईने उभारली होती. इमारत क्रमांक वीस. तात्पुरती म्हणून बांधलेली ती १९९८ पर्यंत टिकली. कुरूप, उन्हाळ्यात तापणारी, करकरणारी. पण तिथल्या माणसांचे तिच्यावर विलक्षण प्रेम. कारण तिची भिंत हवी तेव्हा फोडता येई. एका शास्त्रज्ञाने आपल्या उपकरणासाठी चक्क वरचे मजले कापून काढले. परवानगी कोणी मागत नसे, कारण ती इमारत कोणाच्याच अभिमानाचा विषय नव्हती. हे मी पुढे केव्हातरी वाचले. १९९९ साली मला हे ठाऊक नव्हते. मी जे केले ते निव्वळ भित्रेपणाने केले, असे मला आजही वाटते: भिंत बांधली नाही, आणि बांधली नाही असेही होऊ दिले नाही. सहा फुटी पुस्तकांची कपाटे मधोमध ओळीने उभी केली. दोन बाजूंना दोन दारे. पालक येऊन पाहून गेले, एक जण म्हणाले, "कपाटावरून दिसतंय की पलीकडचं." मी म्हणालो, "पुस्तकं वाचताना वर कोण बघतं?" ते हसले नाहीत. पण मुलगी पाठवली.

त्या वर्षी सकाळी सातला अभ्यासिका भरू लागली. लिंबाखालची जागा कुत्र्यांना मिळाली.

चार-पाच वर्षांनी एकदा पाहतो तो कपाटे भिंतीला लावलेली. मुलींनीच एका रविवारी ढकलली होती, कोणालाही न विचारता. मी आनंदाने घरी येऊन पेढे वाटायचा तेवढा राहिलो. पुढे निवृत्त झालो. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला गेलो असता सहज डोकावलो, तर कपाटे पुन्हा मधोमध! मन उदास झाले. काळ उलटा फिरला की काय? काय हे, कुठे नेऊन ठेवले आपण या मुलींना? एक मुलगी वाचत बसली होती. तिला विचारले, "ही कपाटं कोणी आणली गं इथं?"

"आम्हीच, आजोबा. त्या भिंतीला चार्जिंगचे पॉइंट आहेत ना. टेबलं तिकडं न्यायची होती."

मी एका निबंधाची जुळवाजुळव करीत होतो. ती तेथेच थांबली.

आईचे सांगायचे राहिले. २००१ साली आम्ही जुने स्वयंपाकघर पाडून नवे केले. वडील तेव्हा नव्हते. गवंड्याने विचारण्याआधीच मी आईला हाताला धरून नेले, रिकाम्या भिंतीपुढे उभे केले, आणि म्हटले, "आई, सांग. उंची किती ठेवायची?" सदतीस वर्षांचे कर्ज फेडीत असल्यासारखा मी उभा होतो. तिने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मला काय विचारतोस? मी आता किती दिवस उभी राहणार? सूनबाईला विचार."

माझी पत्नी पाच फूट पाच इंच. ओटा तिच्या उंचीचा झाला, ग्रॅनाइटचा. मला वाटले, आई आता त्याला हात लावायची नाही. पण त्या दिवाळीत, चकल्यांचे पीठ भिजवून झाल्यावर, ती माळ्याखाली गेली आणि काढून ठेवलेला पाट घेऊन आली.